इगतपुरीचा थांबा

माझ्या कपाटात एका जुन्या पाकिटात मनीऑर्डरची ५८ कूपने जपून ठेवलेली आहेत. प्रत्येक कूपनावर निळ्या शाईत, तिरप्या व मोठ्या अक्षरांत एखादी ओळ लिहिलेली आहे. 'तब्येत सांभाळ.' 'गणिताची वही घेतली का?' 'इकडे पाऊस फार आहे.' पाठवणारा माझा मामा, पाठवल्याचे ठिकाण इगतपुरी आणि पोचल्याचे ठिकाण आपल्या शाळेचे वसतिगृह, हिंगणघाट. १९७९ च्या जून महिन्यापासून १९८५ च्या दहावीच्या परीक्षेपर्यंत, सुट्यांचे महिने वगळता, ही मनीऑर्डर सहसा कधी चुकली नाही.

स्मरणिकेच्या संपादक मंडळाने 'शाळेने मला काय दिले' या विषयावर लिहिण्यास कळविले, तेव्हा प्रथम मनात आल्या त्या नेहमीच्याच गोष्टी: पहाटेची वंदना, विहिरीवरची थंडगार आंघोळ, भाकरीबरोबरचे तिखट वरण, अभ्यासिकेतला रात्रीचा एकच दिवा. या आठवणी माझ्या सहाध्यायांनी माझ्यापेक्षा चांगल्या लिहिल्या असतील. मी मात्र शाळेपासून सुमारे साडेसहाशे किलोमीटर दूर असलेल्या एका डोंगरी गावाविषयी लिहिणार आहे. कारण शाळेने मला दिलेला सर्वांत मोठा धडा त्या गावच्या रेल्वे फलाटावर घडला. तो मी तिथे शिकलो नाही. शिकायला पुढे पुष्कळ वर्षे लागली.

आपले हिंगणघाट हे वणा नदीच्या काठचे, कापसाचे गाव. एकोणिसाव्या शतकात येथील कापसाचे नाव थेट विलायतेच्या बाजारात घेतले जात असे. भारताची मोजणी करण्यास १८०२ मध्ये मद्रासहून निघालेला विल्यम लॅम्टन २० जानेवारी १८२३ रोजी याच गावी मरण पावला आणि येथेच पुरला गेला. १८७० च्या दशकात वर्ध्याहून रेल्वेचा फाटा आला, गिरण्या उभ्या राहिल्या आणि भोंग्यावर चालणारे एक नवे आयुष्य गावाला मिळाले. माझे वडील अशाच एका गिरणीत सूतकताई खात्यात होते. आईचे माहेर मुळात हिंगणघाटजवळच्या खेड्यातले. पण माझा आजा, म्हणजे आईचे वडील, त्या काळच्या जी.आय.पी. रेल्वेत गँगमन म्हणून लागला आणि बदल्या होत होत इगतपुरीच्या घाटात जाऊन स्थिरावला. मामाचा जन्म तिथलाच. तरीही घरात वऱ्हाडीच बोलली जाई, आणि सह्याद्रीच्या धुक्यात वाढलेला मामा शेवटपर्यंत 'मले' आणि 'तुले' असेच बोलत राहिला.

मी पाचवीत जाण्याच्या सुमारास वडिलांची नोकरी सुटली. घरात आम्ही चार भावंडे. आईने शेतमजुरी धरली. मला शाळेतून काढून एखाद्या दुकानात ठेवावे, असे वडिलांच्या मनात आले होते. तेव्हा मामा रजा काढून आला. दोन दिवस राहिला, माझा हात धरून वसतिगृहात घेऊन आला आणि अधीक्षक सरांना म्हणाला, "पोराच्या खर्चाचं मी पायतो सर. तुमी फक्त त्याले वाचू द्या." तेव्हापासून दरमहा ४० रुपये येऊ लागले. मामाचा पगार किती होता आणि त्याची स्वतःची तीन मुले होती, हा हिशेब मी त्या वयात कधी मांडला नाही.

मे महिन्याच्या सुटीत मी इगतपुरीला जात असे. वर्ध्याला मुख्य मार्गाची गाडी पकडायची. पुलगाव, बडनेरा, अकोला, भुसावळ, मनमाड अशी स्टेशने मोजत जायचे. नाशिकरोडनंतर हवा बदले. काळ्या मातीचे सपाट रान संपून दोन्ही बाजूंना कडे उभे राहत. आमच्याकडे ४५ अंशांत जमीन भाजत असताना तिथे संध्याकाळी अंगावर चादर घ्यावी लागे. समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटर उंचीवरचे ते लहानसे गाव रेल्वेनेच घडवलेले होते. रेल्वेची वसाहत, रेल्वेचा दवाखाना, रेल्वेचे पाणी आणि घड्याळापेक्षा गाड्यांच्या आवाजावर चालणारे घराघरांतले व्यवहार. मामी म्हणे, "पंजाब मेल गेली, आता भाकरी टाकते."

हे गाव कशासाठी आहे, हे मामानेच मला समजावून सांगितले. मुंबईहून देशात शिरायचे तर सह्याद्री ओलांडणे भाग. पुण्याकडे जाताना भोर घाट आणि नाशिककडे जाताना थळ घाट, असे दोन मार्ग रेल्वेने फोडले. कसारा ते इगतपुरी हा थळ घाटातला लोहमार्ग १ जानेवारी १८६५ रोजी वाहतुकीस खुला झाला. सुमारे १४ किलोमीटरच्या अंतरात गाडीला जवळजवळ ३०० मीटर चढावे लागते. काही ठिकाणी दर ३७ फुटांमागे १ फूट असा चढ आहे. रेल्वेच्या दृष्टीने ही भिंतच. म्हणून कसाऱ्याला गाडीच्या मागे जादा इंजिने लागतात. त्यांना बँकर म्हणतात. पुढचे इंजिन ओढते, मागची ढकलतात. उतरताना धोका उलटा असतो. ब्रेक हुकले तर गाडी दरीत जायची. म्हणून उतारावर ठिकठिकाणी चढणीचे आडमार्ग काढून ठेवले आहेत, बेफाम झालेली गाडी त्यांवर वळवून थांबवता यावी यासाठी. वाटेत एहेगावचा पूल आहे. दरीच्या तळापासून १९० फूट उंच. तो आणि ते बोगदे ज्यांनी उभारले त्या साहेबांची नावे पुस्तकांत सापडतात. भोर आणि थळ या दोन घाटांच्या कामांत रोगराईने आणि अपघातांनी जे हजारो मजूर दगावले, त्यांची नावे कुठे सापडत नाहीत.

१९३० च्या सुमारास घाटात विजेची इंजिने आली. त्यांतले एक लांब नाकाडाचे मालगाडीचे इंजिन होते, त्याला कामगार 'खेकडा' म्हणत. पुढे इगतपुरीच्या पूर्वेला वेगळ्या प्रकारच्या विजेवर गाड्या धावू लागल्या आणि पश्चिमेला जुनीच वीज राहिली. त्यामुळे प्रत्येक गाडीला इगतपुरीला थांबून इंजिन बदलावे लागे. मुंबईकडे जाणारा कितीही मोठा माणूस असो, त्याला इगतपुरीच्या फलाटावर वाट पाहावीच लागे. त्या थांब्यावर चहावाल्यांची, वडेवाल्यांची आणि शेकडो रेल्वे कामगारांची चूल पेटत असे.

माझा मामा त्या थांब्याचाच माणूस होता. आजा जन्मभर गँगमन राहिला. मामा गँगमधून पॉइंट्समन झाला. आलेल्या गाडीचे इंजिन सोडवायचे, नवे इंजिन मागे येत डब्याला भिडले की दोन्हींच्या मध्ये उतरायचे, जड कपलिंग उचलून अडकवायचे, ब्रेकचे पाइप जोडायचे आणि वर येऊन झेंडी दाखवायची. बफरांच्या मधली ती जागा वाकून उभे राहण्यापुरती. दोन्ही बाजूंना शेकडो टन लोखंड. अंगावर तेल, वंगण आणि डब्यांखालची घाण. त्याचे निळे कपडे मामी सोडा घालून उकळत असे, तरी त्यांचा वास जात नसे.

गँगमनपासून पॉइंट्समन ही बढती काय मोलाची होती, हे मला पुढे कळले. १२ आणि १३ फेब्रुवारी १९३८ रोजी मनमाडला जी.आय.पी. रेल्वेतील अस्पृश्य कामगारांची परिषद भरली होती. अध्यक्षस्थानी डॉ. बाबासाहेब आंबेडकर होते. कामगारांचे शत्रू दोन आहेत, ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही, हे त्यांचे विवेचन याच परिषदेतले. त्याच भाषणात त्यांनी रेल्वेतील आपल्या माणसांची स्थिती बारकाव्याने मांडली. अस्पृश्य कामगार वर्षानुवर्षे गँगमनच राहतो. त्याला साधा पोर्टरही सहसा करीत नाहीत, कारण पोर्टरला स्टेशनमास्तरच्या घरचीही कामे करावी लागतात आणि तिथे शिवाशिव आडवी येते. गिरण्यांतही तसेच. विणकाम खात्यात पगार बरा, पण धोट्यातील सूत तोंडाने ओढावे लागे, म्हणून तिथे आपल्या माणसाला शिरकाव नसे. माझा आजा त्या परिषदेला घाटातील इतर गँगमनांबरोबर गेला होता, असे आई सांगत असे. परत आला तो दोन दिवस कोणाशी बोलला नाही. म्हणजे आमच्या घरातली एक बाजू रुळांवर अडलेली होती आणि दुसरी सुताच्या खात्यात. मामाच्या हातातले ते कपलिंग ही आमच्या घराण्याने दोन पिढ्यांत चढलेली एक पायरी होती.

आणि मी वसतिगृहात सर्वांना सांगितले होते की, माझा मामा इंजिन ड्रायव्हर आहे.

हे खोटे मी प्रथम केव्हा बोललो ते आठवत नाही. सहावीत असेन. कोणाचा काका तलाठी होता, कोणाचे वडील मास्तर. बहुतेकांचे आईवडील मजूरच होते. पण सांगण्यासारखा एखादा नातेवाईक प्रत्येकाकडे असे. माझ्या ड्रायव्हर मामाची कीर्ती वाढत गेली. बोगद्यांच्या गोष्टी मी इतक्या रंगवून सांगत असे की, झोपण्याची घंटा झाल्यावरही मुले माझ्या वळकटीभोवती जमत.

जानेवारी १९८४ मध्ये, मी नववीत असताना, शाळेची सहल निघाली. आम्ही ३८ मुले, अधीक्षक सर आणि दोन शिक्षक. नाशिकची त्रिरश्मी लेणी, मग मुंबईला चैत्यभूमी आणि कान्हेरी. ज्यांना लोक पांडवलेणी म्हणतात, ती ही त्रिरश्मी. एकूण २४ लेणी, दोन हजार वर्षांपूर्वीपासून कोरत आलेली. कोकणातील बंदरांवरून घाट चढून येणारे व्यापारी याच वाटेने पैठणकडे जात आणि वाटेतल्या भिक्खूसंघाला दान देत. सरांनी आम्हाला राजांचे मोठे शिलालेख दाखवले, मग एका लहानशा लेण्यापुढे थांबवून म्हणाले, "हे लेणे मुगुदास नावाच्या एका मच्छीमाराने आपल्या परिवारासह दान दिले आहे. राजाने आपली बिरुदे कोरली. याने आपला धंदा कोरला. त्याला त्याची लाज वाटली नाही, म्हणून आज आपल्याला तो माहीत आहे." मी ते वाक्य वहीत टिपून घेतले. माझे अक्षर चांगले होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी आमची गाडी इगतपुरीला थांबली. मामाला सहलीचे पत्राने कळवलेले होते. पण त्याची पाळी रात्रीची असेल आणि तो घरी झोपलेला असेल, अशी माझी आशा होती. इंजिन बदलताना पाहायला सगळी मुले फलाटाच्या टोकाकडे धावली. माझा एक मित्र ओरडला, "अरे, तुझा मामा कुठे आहे? हे इंजिन त्याचेच का?" जुने इंजिन सुटून गेले होते. नवे हळूहळू मागे येत होते. ते डब्याला भिडले, दाणकन आवाज झाला आणि एक माणूस वाकून त्या दोन बफरांच्या मध्ये शिरला. मिनिटभराने तो वर आला. हातांना, कपाळाला काळे वंगण. डोक्याला फडके. त्याने मुलांचा घोळका पाहिला आणि त्याच्या चेहऱ्यावर हसू पसरले. त्याचे डोळे एकेका मुलाला चाळत होते.

मी दोन पावले मागे सरकलो आणि एका उंच मुलाच्या आड उभा राहिलो.

त्याने मला पाहिले होते. हसू तसेच राहिले. फक्त नजर माझ्यावरून पुढे सरकली, जणू तो दुसऱ्याच कोणाला शोधत होता. त्याने हात पुसले, फलाटावरच्या बाकाखालून एक मोठी पिशवी काढली, अधीक्षक सरांजवळ गेला, "जय भीम, सर" म्हणाला आणि पिशवी त्यांच्या हाती दिली. मग झेंडी घेऊन तो रुळांपलीकडे गेला. गाडी सुटली.

पिशवीत चिवडा आणि रव्याचे लाडू होते. मामीने रात्र जागून ३८ मुलांसाठी केलेले. सरांनी डब्यात सगळ्यांना वाटले. म्हणाले, "इगतपुरीच्या एका रेल्वे कामगाराने तुमच्यासाठी दिले आहेत." एवढे बोलून ते थांबले. माझ्याकडे पाहिले नाही, पण थांबले. मी काही बोललो नाही. माझ्या वाट्याचा लाडू मी खाल्ला. मग घाट सुरू झाला. बोगदा आला की डब्यात अंधार होई आणि त्या अंधारात मला बरे वाटे.

परत आल्यावर सर्वांना सहलीचे वर्णन लिहायला सांगितले गेले. मी १२ पाने लिहिली. लेणी, समुद्र, चैत्यभूमी, कान्हेरीची पाण्याची टाकी, सारे काही. वही तपासून आली. प्रत्येक पानावर बरोबरची खूण होती, शुद्धलेखनाची एकही चूक नव्हती आणि शेवटी लाल शाईत सरांचा शेरा होता : 'इगतपुरीचा थांबा राहिला.'

सर त्याविषयी पुन्हा कधी बोलले नाहीत. मीही बोललो नाही. फेब्रुवारीत नेहमीच्या तारखेला मनीऑर्डर आली. कूपन उलटण्यापूर्वी माझे हात गार पडले होते. त्यावर लिहिले होते, 'सहल चांगली झाली असेल. नववीचा अभ्यास कठीण असतो.'

दहावी झाली, पुढे अभियांत्रिकी झाली आणि मी राज्याच्या पाटबंधारे खात्यात लागलो. पहिल्या पगारातून मामाला धोतरजोडी आणि मामीला लुगडे नेले. बोलायचे ठरवून गेलो होतो, बोललो नाही. त्यानंतरही किती वेळा गेलो. माणूस जितका शिकतो, तितकी गप्प राहण्याची कारणे त्याला जास्त सापडतात.

मामा १९९६ मध्ये निवृत्त झाला. त्याच्या क्वार्टरच्या दारातून समोरच्या टेकडीवरचा धम्मगिरीचा सोनेरी पॅगोडा दिसे. सत्यनारायण गोयंका गुरुजी १९६९ मध्ये ब्रह्मदेशातून विपश्यना घेऊन भारतात आले आणि १९७६ पासून इगतपुरीच्या या टेकडीवर शिबिरे भरू लागली. ज्या गावात लोक केवळ इंजिन बदलेपर्यंत थांबत, तिथे जगभरातून माणसे मुद्दाम उतरू लागली. पाठीवर पिशव्या घेतलेल्या परदेशी तरुणांना मामाने नोकरीभर टेकडीची वाट दाखवली. स्वतः मात्र पाळ्यांमुळे कधी बसू शकला नाही. निवृत्तीनंतर दोन वर्षांनी, वयाच्या साठीत, तो दहा दिवसांच्या शिबिराला बसला. बाहेर आला त्या दिवशी मी त्याला आणायला गेलो होतो.

टेकडीवरून उतरताना त्याला विचारले, "काय शिकवलं मामा?" तो म्हणाला, "श्वास पायाचा. येते-जाते, पायत राहायचं. आपल्या झेंडीसारखंच हाय." थोडे पुढे आल्यावर आम्ही फाटकाशी थांबलो. गाडी जात होती. तिचा आवाज संपल्यावर मी १९८४ चे बोललो. ड्रायव्हर असल्याचे खोटे, उंच मुलाच्या आड उभे राहणे, तो लाडू. १४ वर्षे साठलेले सगळे बोललो. मामा ऐकत राहिला. मग म्हणाला, "म्या तवाच पायलं होतं बापू. पन गाडीले टाइम होत होता."

मी वाट पाहिली. तो आणखी काही बोलेल असे वाटले. त्याने फाटक ओलांडले आणि मामीने चहा ठेवला असेल म्हणाला. रागावलो नव्हतो, किंवा क्षमा केली, असे त्याने कधी म्हटले नाही. २०११ मध्ये तो गेला. त्याच्या पेटीत माझ्या दहावीच्या गुणपत्रिकेची प्रत होती आणि एका पिशवीत मी वसतिगृहातून लिहिलेली सर्व पत्रे होती. सहलीचे कळवणारे पत्रही होते. त्याच्या कोपऱ्यावर त्याने पेन्सिलीने त्या दिवशीची पाळी बदलून घेतल्याची नोंद केली होती. म्हणजे तो त्या सकाळी कामावर असणारच नव्हता. मला भेटायला त्याने रात्रीची पाळी करून पुन्हा सकाळची घेतली होती.

२०२५ च्या पावसाळ्यात मी पत्नी आणि मुलीला घेऊन इगतपुरीला गेलो. वर्ध्याजवळ समृद्धी महामार्गावर चढलो. ७०१ किलोमीटरच्या या रस्त्याचा इगतपुरीपासून पुढचा शेवटचा ७६ किलोमीटरचा टप्पा त्याच वर्षीच्या ५ जूनला खुला झाला होता. घाटाखालून सुमारे आठ किलोमीटरचा जोडबोगदा गेला आहे. ज्या चढासाठी रेल्वेला मागून इंजिने लावावी लागतात, तो मोटारीने काही मिनिटांत मागे पडतो. रेल्वेचाही तो जुना थांबा आता उरलेला नाही. २०१५ पर्यंत मुंबईची जुनी वीज बदलली गेली आणि इंजिन बदलण्याचे प्रयोजनच संपले.

गावाला आता नवा धंदा आहे. डोंगरउतारांवर हॉटेले आणि बंगले उभे राहिले आहेत. शनिवार-रविवारी मुंबई-नाशिकच्या मोटारींची रांग लागते. उंटदरीच्या काठावर माणसे धुक्यात छायाचित्रे काढतात. खाली विहीगावच्या धबधब्याला 'अशोका' म्हणतात. सम्राटावरून नव्हे, त्याच नावाच्या चित्रपटाचे चित्रीकरण तिथे झाले म्हणून. या पर्यटनाला मी नावे ठेवत नाही. त्यावर पुष्कळ घरे चालतात. पण आम्ही उतरलो त्या हॉटेलात, निळ्याशार पाण्याच्या तलावाकाठी बसलो असताना, चहा आणून देणाऱ्या तरुणाशी बोललो. जवळच्याच आदिवासी पाड्यावरचा होता. महाराष्ट्रातल्या सर्वाधिक पावसाच्या तालुक्यांपैकी हा एक. तरीही चैत्र-वैशाखात त्याची आई हंडे घेऊन दूरच्या विहिरीवर जाते. आम्ही बोलत होतो तेव्हा शेजारच्या टेबलावरचे पाहुणे त्याच्याकडे न पाहता रिकामे पेले त्याच्या हातात देत होते. माझ्या मुलीने त्याला त्याचे नाव विचारले. मला ते सुचले नव्हते.

संध्याकाळी मी तिला स्टेशनवर नेले. जिथे मामा बफरांच्या मध्ये उतरत असे, ते फलाटाचे टोक दाखवले आणि ही सगळी हकिगत सांगितली. तिने विचारले, "मग तुम्ही सरांना सांगितलंत का?" सर तोपर्यंत हयात नव्हते. ती वही मात्र माझ्याकडे आहे.

माझ्या खात्याच्या कामामुळे नद्यांचे मार्ग मला पाठ आहेत. थळ घाटाच्या पश्चिमेला पडणारे पाणी भातसेत जाते आणि मुंबईची तहान भागवते. पूर्वेकडचे वेगळे. कुलंगच्या डोंगररांगेत उगम पावणारी दारणा १९१६ च्या जुन्या धरणातून वाहत जाऊन गोदावरीला मिळते. आणि आपली वणा वर्धेला मिळते, वर्धा वैनगंगेला भेटून प्राणहिता होते व प्राणहिता सिरोंच्याजवळ गोदावरीत शिरते. म्हणजे मामाच्या दारापुढचा पाऊस आणि आपल्या शाळेमागची नदी शेवटी एकाच प्रवाहात असतात. विद्यार्थी असताना मला हे ठाऊक असते, तर कदाचित मी त्याचीही एक सुंदर ओळ करून वहीत लिहिली असती आणि थांबा पुन्हा राहिला असता.

या स्मरणिकेत आपल्यापैकी अनेकांची नावे हुद्द्यांसह छापली जातील. डॉक्टर, अभियंता, प्राध्यापक, अधिकारी. ती छापली जावीत. त्यांच्यामागे कष्ट आहेत. पण आपल्याला इथवर ओढून आणणारे इंजिन जसे कोणी होते, तसे मागून ढकलणारेही कोणी होते, आणि घाट चढून झाल्यावर मागचे इंजिन सोडून दिले जाते. माजी विद्यार्थ्यांना माझी एकच विनंती आहे. आपल्या नावाखाली, त्या माणसाचे नाव आणि त्याचा धंदा, दोन्ही लिहून द्या. मजूर असेल तर मजूर लिहा. सफाई कामगार असेल तर तसे लिहा.

माझ्या बाबतीत ती नोंद अशी करावी : मामा, पॉइंट्समन, मध्य रेल्वे, इगतपुरी. अधीक्षक सरांनी सांगितलेला निबंध मी ४० वर्षे उशिरा पूर्ण करून देत आहे. शुद्धलेखन तपासून घ्यावे.